हरलेली मशीन भंगारात घालू का, ताई?

पत्र:
"ताई, मी निपाणीचा, वय 47. 2006 ते 2008 कंपनीच्या कामावर अमेरिकेत होतो. नोव्हेंबर 2007 ला तिथं सेलमध्ये एचडी डीव्हीडीचा (साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्कचा) प्लेअर घेतला, शंभर डॉलरच्या आत मिळाला, पाच डिस्क फ्री होत्या, वर मी हौसेनं अजून सव्वीस घेतल्या, एकेक पंचवीस-तीस डॉलरची. आणि तीन महिन्यात कंपनीनं हात वर केले, तसल्याच डिस्कचा दुसरा प्रकार, ब्लू-रे, तो जिंकला, आमची मशीन बाद. जूनमध्ये परत येताना बॅगेतले कपडे कमी करून ती आणली, आणि त्या दिवसापासनं अण्णा (माझे वडील, वय 78) आल्यागेल्याला सांगतात, आमचा पोरगा अमेरिकेला गेला आणि हरलेली मशीन घेऊन आला. 84-85 ला त्यांचा स्वतःचा व्हिडिओचा धंदा होता, टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं द्यायचे, त्यामुळं यातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. आता घर रंगवायला काढलंय, माळा रिकामा करालोय, तर मशीन हाताला लागली. बायको म्हणते भंगारवाल्याला देतो. मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो पप्पा हे आता कोण बघतंय. मला मात्र ती मशीन बघितली की आजपण कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. विकू, ठेवू का टाकू? का एकदाचा ब्लू-रेच घेऊ? माळ्यावर अण्णांच्या व्हीएचएस कॅसेटी पण निघाल्या, आणि एका खोक्यात वीसेक जरा लहान कॅसेटी, त्या आमच्या जुन्या व्हीसीआरमध्ये बसतच नाहीत, वर एल-750 लिहिलंय. त्या पण टाकायच्या ना?"

दादा, पहिलं म्हणजे काहीच टाकू नका. मशीन नको, डिस्का नको, आणि ते लहान कॅसेटींचं खोकं तर अजिबात नको. वहिनींना सांगा भंगारवाला आठ दिवस थांबेल. त्या खोक्याचं मी पुढं सांगते, कारण मला वाटतं तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटच्या दोन ओळीत टाकून मोकळे झालाय.

आधी फसवल्यासारखं वाटतं म्हणालात त्याबद्दल बोलू. तुम्ही नोव्हेंबर 2007 ला घेतलात. तेव्हाची परिस्थिती नीट आठवा, आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तेव्हाचा माणूस वेडा वाटतो, पण तेव्हा सामना चालू होता की! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरामाउंटनं ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडी काढायचं ठरवलं होतं, युनिव्हर्सल पहिल्यापासनं एचडी डीव्हीडीकडंच होतं, वॉर्नर दोन्हीकडं माल काढत होतं. ब्लू-रेचा प्लेअर कितीतरी महाग, आणि इकडं एचडी डीव्हीडी काढणाऱ्या तोशिबाचा एचडी-ए2 प्लेअर त्या नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टनं 98 डॉलर 87 सेंटला लावला होता. पिक्चर देणारे मोठे स्टुडिओ आपल्या बाजूनं आहेत, किंमत चौथाईवर आहे, जुन्या डीव्हीडी पण त्यातच चालतात आणि पहिल्यापेक्षा छान दिसतात. हे सगळं समोर असताना तुम्ही घेतलीत ती वेडेपणानं घेतली असं कोण म्हणेल? मी पण घेतली असती.

मग 4 जानेवारी 2008 ला वॉर्नरनं सांगितलं, आता आम्ही फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन अगदी तोंडावर आलेलं, तिथली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषदच रद्द झाली. पुढच्या महिन्यात नेटफ्लिक्स (तेव्हा ते पोस्टानं डिस्क पाठवायचे) आणि वॉलमार्ट पण ब्लू-रेकडं गेले, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबानं जाहीर केलं की आम्ही थांबतो. पहिला प्लेअर जपानात मार्च 2006 अखेरीला आला होता, म्हणजे सगळा खेळ दोन वर्षांचा पण नाही. आणि यात गिऱ्हाइकाला कुणी विचारलं होतं का? स्टुडिओ, दुकानांच्या साखळ्या आणि सोनीचा प्लेस्टेशन 3, ज्याच्या पोटात ब्लू-रे बसवूनच दिलेला होता त्यामुळं गेम घेणाऱ्या घरात ब्लू-रे न मागता पोचला, ह्या तिघांनी मिळून ठरवलं.

चित्रात तर तुमची मशीन हरलीच नव्हती हे मला मुद्दाम सांगायचंय. दोन्हीकडं तोच निळा-जांभळा लेझर, 405 नॅनोमीटरचा, चित्र पण त्याच दर्जाचं. फरक होता तो आतल्या थराचा. एचडी डीव्हीडीत माहिती साध्या डीव्हीडीसारखी 0.6 मिलिमीटर खोल, म्हणून जुन्या कारखान्यात थोडे बदल करून बनवता यायची आणि स्वस्त पडायची, ब्लू-रेत ती फक्त 0.1 मिलिमीटर आत, म्हणून एका थरात 15 च्या जागी 25 जीबी मावायचे पण कारखाना नवा लागायचा. सोप्यातला रस्ता का मोठ्या कोठाराचा रस्ता, एवढंच ते भांडण होतं. तुमच्या हॉलमधल्या टीव्हीवर दोन्ही शेजारी लावले असते तर अण्णांना काय, मला पण ओळखू आलं नसतं.

त्या फेब्रुवारीत लोक कसे वागले ते पण ऐका, म्हणजे तुम्ही एकटे नव्हता हे कळेल. काहीजण तुमच्यासारखे चिडले, स्टुडिओनं निर्णय फिरवावा म्हणून सह्या गोळा केल्या. काहीजण ब्लू-रे घेऊन बसलेले, ते उड्या मारत होते, जसं काही त्यांनी स्वतः कुस्ती मारली. काहीजण शहाणे निघाले, मशीन बाद झाली म्हणून उरलेला माल दुकानदारांनी पडेल किमतीला काढला तेव्हा जाऊन ढिगानं डिस्का घेऊन आले, म्हणाले पिक्चर तर तोच आहे, पाहिजे ते बघतो. आणि कितीतरी लोक असे होते की ज्यांनी दोन्हीपैकी काहीच घेतलं नव्हतं, ते म्हणाले बरं झालं थांबलो, आणि पुढं पण थांबलेच, कारण भांडण मिटलं म्हणून ब्लू-रे लगेच काही स्वस्त झाला नाही. बेस्ट बाय दुकानानं आपल्याकडनं प्लेअर घेतलेल्यांना 50 डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. पुढच्या वर्षी वॉर्नरनं आपल्या एचडी डीव्हीडी बदलून ब्लू-रे द्यायची योजना काढली, डिस्कमागं 4 डॉलर 95 सेंट अधिक टपालखर्च. पण कार्ड फक्त त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना, आणि वॉर्नरची योजना आली तोवर तुम्ही निपाणीला येऊन पोचला होता. म्हणून तुमचा राग मला खोटा वाटत नाही. खेळ त्यांचा मोडला, आणि थोडीफार भरपाई मिळाली ती जवळ असलेल्यांना मिळाली, तुमच्या वाट्याला काही आलं नाही.

हिशेब पण करून टाकू. प्लेअर चार हजाराच्या आसपास, तेव्हा डॉलर चाळीसच्या आतच होता. सव्वीस डिस्का म्हणजे पंचवीस-तीस हजार. लागला तो पैसा डिस्कांना लागला. आणि त्याच 2007 मध्ये आपल्याकडं मोझर बेअर कंपनीनं पिक्चरची डीव्हीडी 34 रुपयाला काढली होती, पानाच्या टपरीवर पण मिळायची. अण्णा हसायचे ते का हसायचे ते आता कळतंय ना? त्यांच्या डोळ्यासमोर 34 रुपये होते आणि तुमच्या हातात हजार रुपयाची सीडी. (आमच्या घरी पण वडीलधारी माणसं सगळ्या चकत्यांना सीड्याच म्हणायची.)

आता अण्णा. दादा, ते लहान कॅसेटींचं खोकं.

एल-750 ही व्हीएचएसची खूणच नव्हे. व्हीएचएसवर ई-180 असं असतं, ई म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची आणि 180 म्हणजे मिनिटं. एल-750 असतं ते बीटामॅक्सवर, आत 750 फूट टेप, आपल्याकडच्या मशीनवर सव्वातीन तास चालायची, म्हणजे एक अख्खा हिंदी पिक्चर जाहिरातींसकट मावतो. कॅसेटचा आकारच वेगळा, व्हीएचएसपेक्षा लहान, म्हणूनच तुमच्या व्हीसीआरमध्ये ती बसत नाही. सोनीनं बीटामॅक्स 1975 ला आणलं, जेव्हीसीनं व्हीएचएस 1976 ला. जेव्हीसीनं दुसऱ्या कंपन्यांना पण व्हीएचएस बनवायला दिलं, मशीन सगळीकडं झाल्या, कॅसेटी सगळीकडं झाल्या, आणि शेवटी 1988 ला सोनीनंच व्हीएचएसच्या मशीन काढायला घेतल्या. तुमच्या एचडी डीव्हीडीच्या आधी, अगदी तशीच, घरातल्या व्हिडिओची ही पहिली लढाई झाली होती.

आणि ज्या माणसाच्या माळ्यावर वीस बीटा कॅसेटी आहेत तो माणूस ती लढाई हरलेल्या बाजूनं बघून आलाय. मी काही तुमच्या घरात नव्हते, पण एक अंदाज करते. अण्णांनी आधी बीटाची मशीन घेतली असणार. 1982 च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, व्हीसीआरचं वेड आलं, कुणी दुबईवाला पाहुणा म्हणाला असेल सोनी आहे, ब्रँड आहे, घ्या. घेतली. मग गावोगावच्या व्हिडिओ लायब्ररीत व्हीएचएस भरल्या, गिऱ्हाईक येऊन विचारायला लागलं, मोठी कॅसेट लागते ती मशीन आहे का? आणि अण्णांना दुसरी मशीन घ्यावी लागली, पहिलीचे पैसे फिटायच्या आत. त्या काळात एका व्हीसीआरला किती पैसे पडायचे ते अण्णांनाच विचारा. मला एवढंच आठवतंय की आमच्या शहापूरला गल्लीत बारशाला नाहीतर गणपतीत टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचे तेव्हा दुकानातला पोरगा रात्रभर मशीनजवळच बसायचा, कुणाला बटन दाबू द्यायचा नाही, तिसरा पिक्चर लागेपर्यंत आम्ही पोरं तिथंच चटईवर झोपलेली असायचो आणि तो जागा. मशीन एवढी जपायची वस्तू होती.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, तिथं भाव पडणं कुणाला नवीन आहे? काल चांगला दर होता, आज व्यापारी ढुंकून बघत नाही, माल तोच, वखारीत तसाच पडून. त्या शेतकऱ्याला गावात कुणी येडा म्हणत नाही. पण मशीनचं तसं होत नाही, मशीन घेऊन फसला की माणूस स्वतःलाच येडा म्हणत राहतो, आणि अण्णांनी चाळीस वर्षं ते कुणाला सांगितलेलं दिसत नाही, तुम्हाला पण नाही, नाहीतर तुम्ही मला त्या कॅसेटी टाकायच्या ना असं विचारलंच नसतं. तुम्ही मशीन घेऊन आलात तेव्हा त्यांना स्वतःची मशीन आठवली असेल असं मला राहून राहून वाटतंय. पोराला बोलणं सोपं होतं. म्हणून त्यांनी आल्यागेल्यासमोर बोललेलं बरोबर ठरतं असं मी म्हणत नाही, सतरा-अठरा वर्षं तेच तेच ऐकणं वाईटच, लागणारच.

पण कृपा करून जिंकल्यासारखं खोकं त्यांच्यापुढं आपटू नका. "तुम्ही पण हरलाच होता की" हे वाक्य तोंडातनं काढू नका, मी कळकळीनं सांगते. संध्याकाळी चहा झाल्यावर, घरात पाहुणे नसताना, एक कॅसेट हातात द्या आणि विचारा, अण्णा ही कुठल्या मशीनची? बस्स. मग गप बसा. बोलले तर ऐका, मशीन कुणाकडनं घेतली, किती दिवस चालली, पुढं कुणाला दिली. नाही बोलले तर कॅसेट परत खोक्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या मशीनचा विषय काढा. मुलाला पण जवळ बसवा, पण फोन बाजूला ठेवायला सांगून.

आता मशीनचं. बसवून बघायची असेल तर आधी पाठीमागचं स्टिकर वाचा. 120 व्होल्ट लिहिलेलं असणार, आपल्या भिंतीत 230 आहेत, सरळ लावलीत तर धूर निघेल, तेवढ्यावर तुमची सगळी हौस संपेल. 2008 ला आणताना स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला होता का बघा, नसेल तर बेळगावात किंवा कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल, मशीनवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्या. मशीनला मागं एचडीएमआय असेल, आताच्या टीव्हीला वायर सरळ लागते. इतकी वर्षं बंद होती म्हणून ट्रे अडकला तर चाकू-स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, आतला रबरी पट्टा ढिला झालेला असतो, रिपेरीवाला बदलून देतो. पहिली एखादी साधी गाण्यांची सीडी घाला, मग साधी डीव्हीडी, मग तुमची डिस्क.

डिस्का एकेक करून उजेडात धरून बघा, डाग, ढग, कडेला सोलल्यासारखं काही दिसतंय का. वॉर्नरच्या एचडी डीव्हीडी कालांतरानं खराब होतात अशी ख्याती आहे, त्या आधी तपासा, वरनं चकचकीत असून पण मध्येच अडकतात. दुसऱ्या स्टुडिओच्या बहुतेक चांगल्या निघतील. तुमच्या एकतीसमध्ये काही दोन बाजूच्या असतील, एका बाजूला एचडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी, त्या बाजूला ठेवा कारण मशीन बंद पडली तरी त्या साध्या प्लेअरवर लागतील, फक्त डीव्हीडीच्या बाजूला रीजन (कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालायची त्याचं कुलूप) अमेरिकेचा, म्हणजे 1, असू शकतो आणि आपला रीजन 5, पण आपल्याकडच्या स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरना रीजनचं काही पडलेलं नसतं, लावून बघा. एचडीच्या बाजूला रीजनची भानगडच नव्हती, ही एक चांगली गोष्ट त्या हरलेल्या फॉरमॅटनं केली होती आणि जिंकलेल्यानं नाही केली.

ब्लू-रे घेऊ का विचारलंत. रागानं घेणार असाल तर नको. जिंकलेल्याची अवस्था बघा. सॅमसंगनं 2019 ला अमेरिकेसाठी नवीन ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं, नेटफ्लिक्सनं पोस्टानं डिस्क पाठवणं सप्टेंबर 2023 ला बंद केलं, सोनीनं कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी 2025 ला थांबवलं. बीटा आणि व्हीएचएसचं पण तेच झालं, सोनीनं बीटा कॅसेट विकणं मार्च 2016 ला थांबवलं आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनं त्याच वर्षी जुलैत थांबवलं. चार महिन्यांचा फरक! आणि आपल्या भागात तर ब्लू-रे घराघरात आलाच नाही, व्हीसीडी गेली, डीव्हीडी आली, मग पेनड्राइव्हमध्ये पिक्चर भरून देणारे आले आणि 2016 ला जिओ आल्यावर सगळे मोबाइलमध्ये शिरले. हां, मुलाला प्लेस्टेशन 5 घ्यायचाच असेल तर डिस्कवाला घ्या, त्यात ब्लू-रे आपोआप चालतो, वेगळा खर्च नको. आणि ऑनलाइन "खरेदी" करून पिक्चर कायमचा आपला होतो असं पण मुलाला वाटू देऊ नका. मोठ्या स्टुडिओंनी मिळून अल्ट्राव्हायोलेट नावाचं डिजिटल कपाट काढलं होतं, जुलै 2019 ला ते कुलूप लावून मोकळे झाले. तुमच्या माळ्यावरच्या डिस्का कुणी येऊन काढून नेल्या नाहीत.

विकायचीच ठरली तर चालू करून, व्हिडिओ काढून, मगच विका, असल्या जुन्या वस्तू जमवणारे असतात, चालू मशीनला थोडेफार पैसे देतात, पंचवीस हजाराची आशा धरू नका. आणि फोनवर कुणी म्हणालं की क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील, तर फोन ठेवून द्या, पैसे यायला पिन लागत नाही. अगदीच मेली असेल तर ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडं द्या, भंगारवाला वायरीतलं तांबं काढायला ती जाळतो आणि तो धूर त्याच्याच पोरांच्या नाकात जातो. वहिनींना हे सांगा, त्या ऐकतील.

माझं विचाराल तर ठेवा. एक खोकं करा, दोन नको. रंगकाम चालू आहे तोवर बीटा कॅसेटी उन्हात ठेवू नका, झाकण उघडून टेपवर पांढरी भुकटी दिसते का बघा, दिसली तर ती बुरशी आहे, कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. उभ्या ठेवा, आडव्या नको, पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कॅसेटींवर पेनानं काही लिहिलं असेल तर ते अण्णांकडनंच वाचून घ्या, पिक्चरची नावं असतील, नाहीतर एखादीवर घरचं काही असेल, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. चालू बीटा मशीन बेळगावात सापडणं अवघड आहे, पण कॅसेटी डिजिटल करून देणारे मोठ्या शहरात मिळतात, आधी एकच देऊन बघा. आणि अण्णांनी त्या मशीनचे किती मोजले होते ते सांगितलं तर मला नक्की कळवा.